कोटात जायची वाट : मुंबईतल्या एका पायी फेरीचा प्रकरण अभ्यास

"मॅडम, भिंत कुठंय?"

सकाळचे सव्वासात. हुतात्मा चौकात फ्लोराच्या कारंज्याकडे पाठ करून मी कोटाच्या, म्हणजे जुन्या मुंबईभोवती इंग्रजांनी बांधलेल्या तटाच्या, तीन दरवाज्यांची नावं सांगत होते, तेवढ्यात मागून प्रश्न आला. विचारणारे काका सरकारी खात्यातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झालेले. सूर खोचक नव्हता, प्रश्न सरळ होता. फेरीचं नाव आम्हीच 'तटबंदीपल्याड' असं ठेवलेलं, पैसे घेतलेले, आणि वीस मिनिटं झाली तरी तटबंदीचा एक दगड दाखवलेला नाही.

"काका, भिंत पाडली."

"ते कळलं हो. पण होती कुठं? मी आत्ता आत उभा आहे का बाहेर?"

मी हात लांब करून हवेत एक रेघ ओढली. बावीस जणांनी त्या हाताच्या दिशेने पाहिलं. तिकडे एक बेस्टची बस वळत होती. पुढचे दोन तास मी न अडखळता बोलले, सगळं बरोबर बोलले, तरी फेरी फसली ती त्या क्षणालाच. ती का फसली आणि आम्ही ती कशी उलटी केली, त्याची ही हकीकत. आपापल्या गावात अशा फेऱ्या काढणाऱ्यांना यातलं काही कामाला येईल, काही येणार नाही.

पहिली फेरी

पहिला मार्ग कुणीही आखावा तसाच होता. हॉर्निमन सर्कलला जमायचं, सेंट थॉमस कॅथेड्रल बाहेरून बघायचं, वीर नरिमन रस्त्याने हुतात्मा चौकात यायचं, पुढे विद्यापीठ, राजाबाई टॉवर, हायकोर्ट, ओव्हल मैदान आणि पलीकडच्या आर्ट डेको इमारती. २०१८ मध्ये या दोन बाजूंच्या इमारती मिळून जागतिक वारसा यादीत गेल्या. त्यामुळे ओव्हलवर सांगता करणं सोयीचं पडतं. पूर्वेला दगडी गॉथिक, पश्चिमेला काँक्रीटचे गोल सज्जे, मध्ये क्रिकेट. फोटो उत्तम येतात.

गोष्टही ठरलेली. १७१५ ते १७२२ या काळात गव्हर्नर असलेल्या चार्ल्स बूनने गावाभोवती तट उभारून घेतला. दक्षिणेला अपोलो, पश्चिमेला चर्चगेट, उत्तरेला बाजारगेट असे तीन दरवाजे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि इकडे मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीचं धाबं दणाणलं. तटाबाहेर खंदक खणायचं ठरलं आणि त्यासाठी व्यापाऱ्यांनी ३०,००० रुपयांची वर्गणी काढली. (मराठी घोळक्यापुढे हे वाक्य कधी वाया जात नाही. माना ताठ होतात.) मग सव्वाशे वर्षांनी, १८६२ मध्ये गव्हर्नर होऊन आलेल्या बार्टल फ्रिअरने तट पाडायला घेतला. त्याच वेळी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं. तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, मुंबईच्या कापसाचे भाव कडाडले आणि शहरात पैसा ओतला. मोकळ्या झालेल्या जागेचे तुकडे विकून जे पैसे आले त्यांतून या मोठमोठ्या सरकारी इमारती उभ्या राहिल्या. थोडक्यात काय, भिंत पडली आणि शहर बाहेर वाढलं.

हे मी राजाबाई टॉवरसमोर सांगत होते. व्यापारी प्रेमचंद रायचंद, कापूस, शेअरचं वेड, १८६५ चा कोसळा, आईच्या नावाचा मनोरा. सगळे ऐकत होते. घोळक्यात सत्तरी ओलांडलेल्या एक आजी होत्या, कोटाबाहेरच्या गिरगावातल्या फणसवाडीत जन्म गेलेला. त्या शेजारणीला म्हणाल्या, पण मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने : "आमचे आजेसासरे रोज चालत कोटात यायचे कारकुनीला. म्हणजे ते बाहेरचेच की. मग शहर बाहेर वाढलं म्हणजे काय वाढलं? आम्ही तर होतोच."

ओव्हलवर टाळ्या वाजल्या. अभिप्रायाच्या कागदांवर बहुतेकांनी 'छान माहिती' लिहिलं. ही दोन शब्दांची शिक्षा असते, हे फेऱ्या काढणाऱ्यांना सांगायला नको.

चुकलं काय

घरी येऊन मी काकांचा आणि आजींचा प्रश्न शेजारी शेजारी लिहिला. एक म्हणतो, रेघ कुठे आहे ते दाखवा. दुसरा म्हणतो, रेघेच्या बाहेर आधीपासून कोण होतं ते सांगा. माझ्या फेरीत दोन्ही नव्हतं. मी नावं घेत होते भिंतीची आणि दाखवत होते इमारती. भिंतीबाहेरचं शहर म्हणून जे दाखवत होते, ते खरं तर भिंतीच्या जागेवर आणि तिच्यासमोरच्या मैदानाच्या कडेला उभं राहिलेलं सरकारी शहर होतं. माणसांचं बाहेरचं शहर त्याच्याही पलीकडे, मैदान ओलांडल्यावर.

तारखा तर मला पाठ होत्या. त्या एका ओळीत मांडल्या नव्हत्या, एवढंच. कोटाच्या उत्तर भागात १७ फेब्रुवारी १८०३ ला मोठी आग लागली, घरंच्या घरं खाक झाली, आणि त्यानंतर बाहेरच्या वस्तीला जोर आला. जे. जे. रुग्णालय १८४५ चं, तेही भायखळ्याला. पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ ला ठाण्याला निघाली ती बोरीबंदराहून, म्हणजे बाजारगेटच्या बाहेरून. तेव्हा तट जागच्या जागी शाबूत होता. आणि १८६४ ची खानेसुमारी सांगते ८,१६,५६२ माणसं. एवढी माणसं दोन-तीन वर्षांत पडलेल्या भिंतीच्या फटीतून सांडलेली नाहीत. (कापसाचा फुगा फुटल्यावर १८७२ च्या गणतीत आकडा ६,४४,४०५ वर उतरला, हेही खरं. पैशाबरोबर आलेले पैशाबरोबर गेले.)

तेव्हा क्रम उलटा होता. शहर बाहेर वाढून बसलं होतं, रोज सकाळी तीन दरवाज्यांतून आत घुसत होतं आणि संध्याकाळी बाहेर पडत होतं. खंदकाला घाण येत होती, दरवाज्यांत गर्दी तुंबत होती, आणि शत्रू म्हणावा असा आसपास कुणी उरला नव्हता. भिंत पडली ती या रेट्याने. कापसाच्या पैशाने फक्त वेळ साधली.

हे पटल्यावर मार्ग आपोआप फिरला. आतून बाहेर जायचं नाही. बाहेरून आत यायचं, आजेसासरे यायचे तसं.

उलटी फेरी

सुरुवात मुंबादेवीला. हे सुचवलं आमच्यातल्या एका मुलीने आणि मला आधी ते भाविक वाटलं. पण शहराला जिच्यावरून नाव मिळालं ती देवी स्वतःच कोटामुळे उठवलेली आहे. तिचं जुनं देऊळ बोरीबंदराजवळ फाशी तलावाकाठी होतं, आज छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आहे त्या भागात. कोटाच्या कामासाठी अठराव्या शतकात ते हलवलं आणि देवी आजच्या जागी आली. बाहेरच्या शहराची गोष्ट सांगायला याहून चांगली पहिली रहिवासी मिळणार नाही. देवळासमोर मी फक्त एवढंच बोलते आणि चालू लागते. तिथे थांबायला जागाही नसते, फुलवाले ओरडतात.

मग काळबादेवी रस्ता. पहिल्या वेळी आम्ही रविवार धरला, रस्ता मोकळा मिळेल म्हणून. मोकळा मिळाला आणि मेलेलाही. शटरं बंद, गल्ल्या सुन्या. ज्या धंद्याच्या जोरावर हे शहर वाढलं तोच झोपलेला. आता शनिवार सकाळ धरतो. दुकानं उशिरा उघडतात, पण हमाल आणि हातगाड्या आधीपासून सुरू असतात. कापडाचे गठ्ठे, तांब्या-पितळेची भांडी, घामाचा आणि उदबत्तीचा एकत्र वास. "बाजूऽऽ" असा आवाज आला की बावीस माणसांची ओळ भिंतीला चिकटते. वर पाहिलं की लाकडी सज्जे, कोरलेले कठडे, त्यावर एसीची खोकी. रस्त्याची रुंदी मी कुणाला सांगत नाही, खांद्यांना कळते.

आणि मग धोबी तलाव.

या एका जागेसाठी मी सगळी फेरी काढायला तयार आहे. मेट्रो सिनेमाच्या चौकात तुम्ही गल्लीतून बाहेर येता आणि डोक्यावर एकदम आभाळ येतं. पुढे आझाद मैदान, उजवीकडे क्रॉस मैदान, त्यापुढे ओव्हल, त्यापुढे कूपरेज. मुंबईत, जिथे खाटेएवढ्या जागेचं भाडं द्यावं लागतं, तिथे एवढी मोकळी जमीन ओळीने कशी काय उरली? इथे मी गप्प राहते. कुणीतरी म्हणतं, इंग्रजांना क्रिकेट आवडायचं. कुणी म्हणतं, बागा असतील. शेवटी कुणाच्या तरी डोक्यात येतं, नाहीतर मी सांगते : तोफा. कोटाच्या तटावरून मारा करायचा तर समोर आडोसा नको. म्हणून तटासमोरचा पट्टा बांधकामापासून मोकळा ठेवला. इंग्रज त्याला एस्प्लनेड म्हणत. उन्हाळ्यात गोरे साहेब तिथे तंबू ठोकून राहत. म्हणजे मैदानं ही भिंतीची सावली आहे. भिंत गेली, सावली राहिली.

तिथे एक जनावरांची गोष्टही आहे, लोकांना ती फार आवडते. या मैदानात शहरातली गुरं चरत. सरकारने चराईवर पैसे लावले तेव्हा गरिबांची पंचाईत झाली. मग सर जमशेटजी जीजीभॉय यांनी १८३८ मध्ये ठाकूरद्वाराजवळ समुद्राकडची कुरणं २०,००० रुपयांना घेतली आणि गुरांना फुकट चरायला मोकळी केली. ती चरणी, आणि त्यावरून चर्नी रोड, असं सांगतात. फणसवाडीच्या आजी दुसऱ्या फेरीलाही आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "एवढी वर्षं तिकीट काढलं, गाई दिसल्या नाहीत कधी."

मैदान चालून ओलांडायचं. हा भाग मी मुद्दाम रेंगाळत घेते, जवळजवळ न बोलता. पायांना अंतर कळायला पाहिजे. भर पावसाळ्यात, डोक्यावर छत्री धरून, धोतराचा काचा सावरत कारकून हे अंतर कापत. जुनी गिरगावकर मंडळी 'कोटात' जात. पारश्यांमध्ये बाहेरच्या वस्तीला 'बाहेरकोट' हा शब्दच होता. भिंत भाषेत घुसली होती. 'फोर्टात कामाला आहे' असं आजही कुणी म्हणतो, तेव्हा किल्ला त्याच्या डोळ्यांसमोर नसतो, तरी तो किल्ल्यातच कामाला असतो.

रेघ

आता काकांचा प्रश्न. हुतात्मा चौकात आपण आत आहोत की बाहेर?

यासाठी आम्ही बरंच काय काय करून पाहिलं. मोबाइलवर जुना नकाशा दाखवला, उन्हात दिसला नाही. मोठा फलक छापला, वाऱ्याने उडाला आणि एका टॅक्सीवर जाऊन बसला. शेवटी मार्ग काढला तो काकांनीच. आजचा नकाशा साध्या कागदावर झेरॉक्स केलेला, त्यावर बटर पेपर, त्यावर लाल पेनाने तट आणि निळ्याने खंदक. दोन्ही कागद डाव्या कडेला स्टेपल केलेले. पान उचललं की आजचं शहर, टाकलं की जुनं. त्यांनी पंचवीस प्रती हाताने आखल्या. "ट्रेसिंग हेच केलं मॅडम आयुष्यभर," एवढंच म्हणाले. जुन्या नकाशाची मापं आणि आजची मापं तंतोतंत जुळत नाहीत, रेघ काही फूट इकडेतिकडे सरकते. ते मी आधीच सांगून टाकते, नाहीतर एखादा उत्साही माणूस पेव्हर ब्लॉक मोजायला बसतो.

कागद हातात आल्यावर चौकात जे घडतं ते बघण्यासारखं असतं. माणसं कागद फिरवतात, पाय फिरवतात, एक पाऊल पुढे टाकतात, मागे घेतात. चर्चगेट इथे होतं, चर्चगेट स्टेशनात नाही! त्याचं नाव सेंट थॉमसच्या देवळावरून, ते १७१८ चं. दरवाजा पाडला गेला १८६० च्या दशकात, स्टेशन आलं १८७० मध्ये, इथून दहा मिनिटं दूर. नसलेल्या दरवाज्याचं नाव स्टेशनाने उचललं आणि आता रोज लाखो माणसं ते घेतात. दरवाज्याच्या जागी कारंजं बसलं १८६९ मध्ये.

चौकात दुसरीही एक गोष्ट उभी असते आणि तिला टाळून पुढे जाता येत नाही. २१ नोव्हेंबर १९५५ ला इथे गोळीबार झाला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांचं स्मारक, मशाल धरलेले कामगार आणि शेतकरी. पहिल्या फेरीत लोक इथे नावं वाचत थांबले आणि मी घड्याळ बघत होते, याची मला अजून लाज वाटते. आता वेळापत्रकात इथे वीस मिनिटं रिकामी आहेत. कोटाच्या दारात येऊन हक्क मागणारी माणसं बाहेरच्या शहरातून, गिरणगावातून आली होती. हे मी बोलून दाखवत नाही. मैदान ओलांडून आलेल्या घोळक्यातलं कुणीतरी ते बोलतंच.

पुढे दादाभाई नवरोजी रस्ता, पूर्वीचा हॉर्नबी रोड. पश्चिमेचा तट साधारण याच रस्त्याला धरून उत्तरेकडे जात होता. तट गेल्यावर रस्ता रुंद झाला आणि कडेने कमानींची सलग पडवी उभी राहिली. त्या पडवीतून पावसातही कोरडं चालता येतं, फक्त मोबाइल कव्हरं आणि पायमोजे विकणाऱ्यांच्या मधून. तिथून उजवीकडे बोराबाजाराच्या गल्लीत शिरायचं. दहा पावलं, आणि रस्ता एकदम आवळतो. हा आतला कोट. व्यापाऱ्यांची, पारश्यांची दाटीची वस्ती या उत्तर भागात होती, साहेबांची दक्षिणेला. कागद बघायची गरज नसते. काकांनी तिथे पान मिटलं आणि खिशात ठेवलं.

पेरीन नरिमन मार्ग म्हणजे जुनी बाजारगेट स्ट्रीट. तिच्या टोकाला, जीपीओच्या म्हणजे मोठ्या पोस्टाच्या बाजूला, तिसरा दरवाजा होता. जीपीओचा घुमट विजापूरच्या गोल घुमटावर बेतलेला, १९१३ चा. दरवाज्याची खूण काही नाही.

एक दगड

शेवटचा थांबा सेंट जॉर्ज रुग्णालयाजवळचा फोर्ट जॉर्ज. डोंगरीचा जुना किल्ला काढून १७६९ मध्ये इंग्रजांनी कोटाला उत्तरेकडे ही जोड दिली. तीही १८६० च्या दशकात पाडली, पण एक तुकडा राहिला, रुग्णालयाच्या आवाराला लागून, आणि तो आज राज्य संरक्षित आहे. काळा दगड, सांध्यांत चुना, त्यांतून पिंपळाची मुळं बोटांसारखी खाली आलेली, पावसाळ्यानंतर शेवाळ. पहिल्या खेपेला मी उत्साहात पूर्ण घोळका आवारात नेला. समोरून स्ट्रेचर आलं आणि तटबंदी पाहायला आलेली माणसं अंग चोरत बाजूला झाली. आजारी माणसाच्या नातेवाइकाने आमच्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. चूक सर्वस्वी माझी. आता पी. डिमेलो रस्त्यावरून, बाहेरूनच बघतो. ज्यांना हात लावायचा असतो ते नंतर एकेकटे जातात.

भिंत शेवटी दाखवण्यावरून आमच्यात वाद आहे. एक म्हणणं असं की आधीच दाखवा, म्हणजे 'कुठंय' हा प्रश्नच येणार नाही. मला तो प्रश्न यायला हवा असतो. तीन तास नसलेल्या भिंतीच्या कडेने चालल्यावर तो पुरुषभर उंचीचा दगड जसा दिसतो, तसा सकाळी सातला दिसणार नाही.

काही गोष्टी अजून जमलेल्या नाहीत. सुमारे चार किलोमीटरमध्ये बायकांना जाता येईल असं स्वच्छतागृह दोनच ठिकाणी भरवशाचं. त्यासाठी मैदानाआधी थांबा वाढवला तर ऊन चढतं. बावीस माणसं काळबादेवीत फार होतात, आता पंधरा घेतो. हिशेब जेमतेम सुटतो.

आणि दक्षिण बाजू. अपोलो दरवाजा होता तो मुंबई समाचार मार्गाच्या, म्हणजे जुन्या अपोलो स्ट्रीटच्या, दक्षिण टोकाकडे. आपली माणसं त्या बाजूच्या बंदराला पालवा म्हणत. मूळ बॉम्बे कॅसल नौदलाच्या हद्दीत आहे, तिथे घोळका नेता येत नाही. रॅम्पार्ट रो हे नाव तेवढं उरलंय, तेही पाटीवर के. दुभाष मार्ग झालंय. कुलाब्याहून आत येणारी एखादी वाट तशीच उलटी आखता येईल का, हे काका सध्या बघतायत. बटर पेपरचा नवा रोल आणलाय म्हणाले.